घुमटाभोवती बँड बांधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले सहा जण आहेत. दोघे आरती मंडळात घुमट (मडक्याला चामडे लावलेले वाद्य) आणि शामेळ (काठ्यांनी वाजवायचे मातीचे वाद्य) वाजवतात, बाकी गिटार, बेस आणि ड्रम्स. गायिका भजनात आणि नाट्यसंगीतात तयार झालेली, पेटीही तीच वाजवते. लोकगीतांवरचा रॉक बँड काढायचा आहे, चार गाणी बसवूनही झाली. अडचण त्यांच्याच शब्दांत: "ड्रम्स वाजले की घुमट ऐकू येत नाही, आणि घुमट वाढवले की माइक शिट्टी मारतो." सुरुवात कुठून करायची, रेकॉर्डिंग कधी करायचे आणि पैशांचे काय, हे विचारले आहे.

बँडचे नाव, लोगो, फोटो सगळे बाजूला ठेवा. ड्रम्स आणि घुमटाची जी तक्रार तुम्ही लिहिली आहे, तिथेच तुमच्या बँडचा पाया आहे. बहुतेक गट रॉकचा पूर्ण साचा तयार करतात आणि त्यावर घुमट शोभेला ठेवतात. तसे केले की सहा महिन्यांत घुमटवाला कंटाळतो, कारण त्याने वाजवले काय आणि नाही वाजवले काय, गाण्याला फरक पडत नाही. उलटे करा. घुमट, शामेळ, कासाळे (झांजा) आणि आवाज एवढ्यावर गाणे उभे राहिले पाहिजे. मग बेस, मग गिटार, आणि ड्रम्स सगळ्यांत शेवटी.

ड्रम्सवाल्याला पहिले तीन महिने फक्त किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर (कडक आवाजाचा लहान ड्रम) आणि हाय-हॅट (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजा) द्या. घुमटाचा खर्जाचा ठोका आणि किक ड्रम एकाच पट्ट्यात बोलतात, त्यामुळे दोन्ही एकाच मात्रेवर पडले की एक चिखल ऐकू येतो. प्रत्येक गाण्यात घुमटाचे भरीव ठोके कुठे पडतात ते कागदावर मांडा आणि त्या मात्रा किकने सोडून द्या. बेसवाल्याने तिथे लांब सूर धरावा. टॉम-टॉम, म्हणजे संचातले बाकीचे घुमणारे ड्रम, शक्यतो आणूच नका, ते काम शामेळ करते आहे. दिल्लीत १९९० साली उभ्या राहिलेल्या इंडियन ओशन या बँडमध्ये तबला आणि ड्रम्स वर्षानुवर्षे एकत्र वाजले. दोघेही एकमेकांसाठी जागा सोडत, म्हणून ते जमले. त्यांचे जुने ध्वनिमुद्रण हेडफोन लावून फक्त तालासाठी ऐका.

दुसरी मोठी चूक समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या, वजनाच्या मात्रेची. आपल्या कितीतरी चाली समेच्या आधी उचलल्या जातात. शब्द दोन-तीन मात्रा आधी सुरू होतात आणि वजन नंतर पडते. गिटारवाला शब्द सुरू झाला तिथे 'एक' मोजतो, आणि सगळे गाणे तिरके बसते. कुणालाच कळत नाही काय बिनसले, फक्त पाय हलत नाहीत. उपाय साधा आहे: नवे गाणे घेतले की पहिली दहा मिनिटे फक्त आवाज आणि कासाळे. कासाळेवाला समेवर वाजवेल, बाकीचे टाळ्या देतील. फुगडीच्या सहा मात्रांच्या चालीत स्नेअर चौथ्या मात्रेवर ठेवून पाहा. चारच्या ठेक्याची सवय असलेला ड्रमर तिला ओढून आठ मात्रांत बसवायला जातो आणि चालीतला झोका जातो.

लयीचेही तसेच. आरती किंवा सुवारी (घुमट-शामेळावरचा आपला लोकसंगीत प्रकार) एका लयीत कधी संपत नाही, ती चढते आणि त्या चढण्यातच तिचा आनंद आहे. मेट्रोनोम लावून ९६ वर (मिनिटाला ९६ ठोके) सुरू केलेले गाणे ९६ वरच संपवले तर माणसे बसून राहतील. म्हणून प्रत्येक गाण्याला दोन आकडे ठरवा, सुरुवातीचा आणि शेवटचा. समजा ९६ आणि १२८. चढ कोणत्या कडव्यानंतर घ्यायचा ते आधी ठरवा. चढवणार घुमट, ड्रम्स मागून जाणार. दोघांनीही चढवायला घेतले की तिसऱ्या कडव्यात गायिकेची दमछाक होते.

आता पट्टी. घरात पेटीवर जी पट्टी सोपी वाटते ती मंचावर टिकेलच असे नाही, कारण गिटार-ड्रम्ससमोर गायिका नकळत जोर लावते. गाण्यातला सर्वांत वरचा सूर पूर्ण आवाजात सलग तीन वेळा लावून पाहा. तिसऱ्या वेळी ताण आला तर अर्धा किंवा एक सूर खाली या. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर गिटारवाल्याने पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावून जी-चे आकार धरावेत, काळी पाचसाठी पहिल्याच पडद्यावर ए-चे आकार. पेटीचे सूर बदलत नाहीत, तेव्हा ट्यूनर काढून आधी पेटी कुठे आहे ते बघा. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या मापाला असतीलच असे नाही. पेटी उतरलेली असेल तर गिटार आणि बेस पेटीला लावा.

कॉर्ड्स कमी ठेवा. फुगडी आणि धालो या बायकांच्या नाचगाण्यांच्या चाली चार-पाच स्वरांत फिरतात. त्यांच्याखाली दर ओळीला तीन कॉर्ड बदलले की चाल चित्रपटगीतासारखी वाटू लागते. काही चालींत गंधार नक्की कोमल की शुद्ध हे गाणारी बाई त्या क्षणी ठरवते. अशा ठिकाणी मेजर की मायनर हा वादच घालू नका, गिटारवर फक्त सा आणि प वाजवा. एवढ्यावर ओव्हरड्राइव्ह (गिटारचा आवाज फाडून जाड करणारा परिणाम) चढवला तरी चालीला धक्का लागत नाही, आणि रॉकचा जोरही मिळतो.

घुमटाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बाकी सगळ्याची माहिती कुठेही मिळते. मातीचे मडके, दोन्ही बाजूंनी तोंड, मोठ्या तोंडावर चामडे. उजवा हात चामड्यावर आणि डावा मागच्या लहान तोंडावर उघडझाप करतो. पूर्वी घोरपडीचे चामडे असे. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, तेव्हा तसले जुने घुमट कितीही गोड वाजत असले तरी मंचावर नेऊ नका. बकरीच्या चामड्याचे घ्या. ते जाड असते आणि आवाज थोडा कोरडा वाटतो, पण माइकवर चांगले उतरते. सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला आहे. तो मान बकरीच्या चामड्यावरही तेवढाच शोभतो.

चामडे हवेबरोबर बदलते. पावसाळ्यात आणि समुद्राकाठी संध्याकाळी ते सैल पडते, एसी सभागृहात सुकून चढते. कार्यक्रमाच्या दोन तास आधी घुमट मंचावर आणून ठेवा, म्हणजे तिथल्या हवेला सरावेल. सैल वाटले तर ऊन द्या, ऊन नसेल तर हेअर ड्रायर एक हात लांब धरून हळूहळू फिरवा. गॅसच्या ज्योतीवर घाईने धरले की चामडे काठाजवळ फाटते, नाहीतर मडक्याला केसासारखी चीर जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण खर्ज एकदम फुटका येतो. बोटाच्या पेराने मडके वाजवून पाहा, चांगले मडके खणखणते, चिरलेले 'थप्' करते. नेहमी दोन घुमटे न्या आणि दुसरेही तेवढेच तापवून ठेवा. विकत घेताना पाच-सहा वाजवून ज्याचा खर्ज तुमच्या गायिकेच्या सा किंवा प-जवळ बसतो ते निवडा. आवाज नुसता मोठा आहे म्हणून घेतलेले घुमट प्रत्येक गाण्यात बेसशी भांडते.

माइकची शिट्टी का येते? मडके म्हणजे हवेची पोकळी. बाटलीच्या तोंडावर फुंकले की तिचा एक ठरावीक सूर निघतो, तसाच मडक्यालाही असतो. मॉनिटरमधून (वादकाला ऐकू यावे म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरमधून) तोच सूर परत मडक्यात शिरला की ते स्वतःच घुमू लागते आणि माइक ते पुन्हा उचलतो. म्हणजे आवाज वाढवून हे सुटणार नाही. दोन माइक लावा. एक साधा डायनॅमिक, एसएम-५७ सारखा, चामड्यापासून तीन बोटे लांब आणि काठाकडे तिरका. दुसरा मागच्या तोंडापासून चार-पाच इंच दूर, थोडा बाजूला. अगदी तोंडासमोर ठेवला तर डाव्या हाताच्या उघडझापीचा वारा माइकवर 'फक्' करून आदळतो. चामडे आत दबते तेव्हा मागून हवा बाहेर येते, म्हणून हे दोन माइक एकमेकांच्या उलट असतात. मिक्सरवर मागच्या माइकच्या चॅनलचे फेजचे बटण (ते आवाजाची लहर उलटवते) दाबून पाहा. ज्या बाजूला खर्ज भरतो ती बरोबर. हे एक बटण विसरल्यामुळे घुमट 'पातळ' वाटते आणि मग लोक उगाच बास चढवत बसतात. नंतर आवाज हळू वाढवत शिट्टीचा सूर शोधा आणि इक्वलायझरवर तेवढाच अरुंद पट्टा तीन ते सहा डेसिबल खाली घ्या. मॉनिटर घुमटाच्या समोरून हलवून वादकाच्या गुडघ्याच्या बाजूला ठेवा. घुमट खाली ठेवले की तो चॅनल बंद, कारण न वाजणारे घुमटही घुमते.

शामेळाला एक माइक पुरतो, काठीच्या बाजूने एक वीत लांब. कासाळ्यांना माइक लागत नाही. ती गायिकेच्या माइकमध्ये शिरतात, हीच खरी डोकेदुखी असते. कासाळेवाला तिच्यापासून सहा-सात फूट, मागे आणि बाजूला उभा करा.

तुमची यादी अशी होईल: घुमटाचे दोन, शामेळ एक, ड्रम्सचे तीन, बेस एक, गिटार एक, पेटी एक, आवाज तीन. एकूण १२ चॅनल. कोण कुठे उभा, कुणाला काय ऐकू हवे, वीज कुठे हवी, हे एका पानावर चित्र काढून आयोजकाला आठ दिवस आधी पाठवा. आपल्याकडचा साउंडवाला भजन आणि नाटकांच्या सवयीने चार माइक घेऊन येतो. त्यात त्याची चूक नाही, त्याला कुणी सांगितलेलेच नसते. मंडपात जनरेटर असेल तर अर्थिंग बघितल्याशिवाय गिटारला हात लावून माइकला ओठ लावू नका. टेस्टर आधी माइकच्या जाळीला लावा. दिवा उजळला तर अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत वाजवू नका.

सराव आठवड्यातून दोनदा, अडीच तास, त्यात पहिला अर्धा तास फक्त तालवाद्ये. पहिले उद्दिष्ट ४५ मिनिटे. आठ गाणी, पाच स्वतःची आणि तीन पारंपरिक, प्रत्येकी सरासरी पाच मिनिटे, उरलेली पाच मिनिटे बोलणे आणि कॅपो बदलणे. बारा आठवड्यांत हे होते. प्रत्येक सराव खोलीच्या मध्यावर फोन ठेवून रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. खोलीत सगळ्यांनाच आपण बरे वाजवले असे वाटते, फोन खरे सांगतो.

वर्षाची आखणी गोव्याच्या दिनदर्शिकेवर करा. चवथीला (गणेशोत्सवात) तुमचे घुमटवाले आरत्यांना जाणार आणि शिगम्याला (होळीच्या दिवसांत) ढोल-ताशांकडे. त्या दिवसांत त्यांना बँडच्या सरावाला ओढू नका. ते तिथे जे वाजवतात त्यावरच तुमचा बँड चालतो. पावसाळा नवी गाणी बांधायला उत्तम आणि रेकॉर्डिंगला वाईट: चामडे सैल, पत्र्यावर पाऊस, वीज जाते-येते. पाऊस ओसरल्यावर आणि नोव्हेंबरात कार्यक्रमांची गर्दी सुरू होण्याआधी जे तीन-चार आठवडे मिळतात, ते रेकॉर्डिंगसाठी राखून ठेवा.

गाणी कुठून घ्यायची हा नाजूक विषय आहे. धालो पौषात मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या पवित्र जागेवर होतो आणि मांडाला नियम असतात. सत्तरीतले रणमाले किंवा जागर ही लोकनाट्ये असोत की सुवारीत गायचे फाग आणि चंद्रावळ, प्रत्येकाचे जाणते लोक गावात आहेत. त्यांच्याकडे जा, बसा, पूर्ण गाणे ऐका, आणि मंचावर गायले तर चालेल का असे सरळ विचारा. नमन आणि देवाला हाक देणाऱ्या ओळी बारमध्ये गाऊ नका, लोक दुखावतात आणि त्यांचे बरोबर आहे. कोकणी शब्द असलेले गाणे कोकणीतच गा, मराठीचे मराठीत. एकाच कार्यक्रमात दोन्ही आले तर इथल्या माणसाला काही वेगळे वाटत नाही, तो घरीदारी तसाच राहतो. गाण्याखाली 'पारंपरिक' लिहाच, आणि ज्या गावातून, ज्या बाईंकडून मिळाले त्यांचे नाव त्यांना विचारून लिहा. मानधनातला वाटाही द्या.

कायद्याने पारंपरिक चालीवर तुमची मालकी होत नाही. तुमची होते ती तुमची नवी रचना, नवे शब्द आणि तुमचे ध्वनिमुद्रण. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहजी काढून घेता येत नाही, तरीही कंपनीचा करार वाचल्याशिवाय सही करू नका. स्वतःची गाणी आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे) नोंदवा. नोंदवण्याआधी सहाही जणांनी बसून प्रत्येक गाण्याचे टक्के लिहून घ्या: शब्द कुणाचे, चाल कुणाची, संयोजन कुणाचे. बँड फुटतात ते बहुतेक या एका कागदाच्या अभावी, आणि तेही गाणे गाजल्यावर. गाणे कुणी ऐकत नसते तोवर हा कागद दहा मिनिटांत होतो.

कार्यक्रमाचे पैसे. समजा ४०,००० मिळाले. साउंडवाल्याचे ४,००० आणि गाडीचे ३,००० आधी काढा. उरले ३३,०००. त्यातले २० टक्के, म्हणजे ६,६००, बँडच्या खात्यात. राहिलेले २६,४०० सहा जणांत, प्रत्येकी ४,४००. घुमटवाल्याला 'साथीदार' म्हणून कमी देऊ नका. बँडच्या खात्यावर दोघांच्या सह्या ठेवा, भागीदारी करार करा, पॅन काढा. पॅन नसला तर कराची कपात २० टक्क्यांवर जाते. अर्धे पैसे आगाऊ, आणि पाऊस आला किंवा परवाना नाकारला तर त्या आगाऊ रकमेचे काय, हे आयोजकाकडून लिहून घ्या.

परवान्यावरून आठवले, उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. सरकार वर्षातले मोजकेच दिवस बारापर्यंत सूट देते. कार्यक्रम साडेआठला ठरला की भाषणे होतात आणि तुम्हाला नऊ वाजून दहा मिनिटांनी मंच मिळतो. म्हणून ४५ मिनिटांचा क्रम लिहिताना त्याच्या शेजारी ३० मिनिटांचाही लिहून ठेवा. जी तीन गाणी गाळायची ती मधली असावीत, चढ घेणारे शेवटचे गाणे कधीही गाळू नका.

पहिले दहा कार्यक्रम जवळच करा. साखळीचे रवींद्र भवन, फोंड्याचे राजीव गांधी कलामंदिर, गावातली सार्वजनिक मंडळे, जत्रेत नाटकाच्या आधीचा तास. या तासाला कमी लेखू नका. नाटकाला आलेला प्रेक्षक शब्द ऐकतो, आणि शब्द त्याच्यापर्यंत पोहोचले नाहीत तर तो चुळबुळ करतो, हे मंचावरून स्पष्ट दिसते. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये (झोपडीवजा हॉटेलांत) पैसे लवकर मिळतात, पण तिथे ओळखीची इंग्रजी गाणी मागतात. महिन्याला दोनपेक्षा जास्त घेऊ नका, नाहीतर घुमट हळूहळू गाडीतच राहू लागेल. नंतर सावंतवाडी, कुडाळ, बेळगाव. भाषा जुळते, प्रवास एका दिवसाचा आणि मुक्कामाचा खर्च नाही. डिसेंबरात पणजीत भरणाऱ्या सेरेंडिपिटीसारख्या महोत्सवांकडे अर्ज करताना तीन गाण्यांचा, एकाच कॅमेऱ्याने न तोडता घेतलेला, खऱ्या आवाजाचा व्हिडिओ द्या. निवडणाऱ्याला हे लोक प्रत्यक्ष वाजवू शकतात का एवढेच पाहायचे असते.

रेकॉर्डिंग मोठ्या स्टुडिओतच व्हायला हवे असे नाही. गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांनी १९८० च्या दशकात घरीच चार ट्रॅकवर गाणी नोंदवून कॅसेट स्वतः विकल्या. आठ इनपुटचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारा डबा) भाड्याने घ्या. घुमट, शामेळ, किक-स्नेअर आणि बेस एकत्र, एकाच खोलीत वाजवा, मेट्रोनोमशिवाय. लय चढते ती एकमेकांकडे बघून चढते, वेगवेगळे नोंदवले तर तो चढ जुळवताना आठवडा जातो. गिटार आणि आवाज नंतर. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि सर्वांत जोरदार ठोक्याला पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. घुमटाचा एखादा ठोका अचानक मोठा येतो आणि एकदा फाटलेला आवाज परत येत नाही. मिक्स करताना घुमटाला २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास थोडे कापा, म्हणजे डब्यातला आवाज जातो. शेवटी मोठा वाटावा म्हणून आवाज ठासून भरू नका. स्पॉटिफाय प्रत्येक गाणे साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) आणते, म्हणजे ठासून भरलेले गाणे ते स्वतःच खाली ओढते आणि ठोक्यांतला जीव तेवढा गेलेला असतो.

पहिल्या वर्षी अल्बम नको. तीन गाणी, दीड-दोन महिन्यांच्या अंतराने. गाणी ऑनलाइन सेवांवर पोहोचवणाऱ्या वितरकाकडे चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे निदान सात दिवस आधी पोहोचावे लागते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा) क्रमांक घ्या, आणि बँडचे नाव रोमन आणि देवनागरीत कसे लिहायचे ते एकदाच ठरवा. एका अक्षराचा फरक पडला की दोन वेगळी पाने तयार होतात आणि ऐकणारे वाटले जातात.

प्रवासाची सोय घुमटापासून सुरू करा. प्रत्येकाला लाकडी किंवा जाड प्लॅस्टिकचा डबा, आत चारी बाजूंनी दोन इंच फोम, मागच्या तोंडात सुती कापडाचा बोळा. थिवी किंवा मडगावहून रेल्वेने निघालात तर ते डबे हातात घ्या, सामानात देऊ नका. बरोबर एक सुटे चामडे, दोरी, हेअर ड्रायर, दहा मीटरची एक्स्टेंशन केबल आणि दोन जादा माइकच्या केबल. मुंबई-पुण्यात ड्रम्स आणि अॅम्प्लिफायर भाड्याने कुठेही मिळतात, घुमटाचे चामडे मिळत नाही.